पंखा कितीवर ठेवू?

गेमिंग लॅपटॉपचा पंखा फुल्ल सोडला की काम फत्ते, असं तुम्हालाही वाटतं का? मग जरा थांबा. आवाज, गरमी आणि स्पीड या तिघांना एका छोट्याशा खोलीत नांदवायचं म्हणजे सॉलिड कसरत आहे!

गेमिंग लॅपटॉप घेताना आपण काय काय बघतो? ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, स्क्रीन १४४ हर्ट्‌झची की १६५ ची, कीबोर्डखाली लाल-निळे दिवे लागतात की नाही आणि हो, ईएमआय किती महिन्यांचा! एक प्रश्न मात्र दुकानात कुणीच विचारत नाही. 'याचा पंखा जरा ऐकवता का हो?' गंमत म्हणजे घरी आल्यावर पहिल्याच रात्री कळतं ते नेमकं हेच. गेम सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात, तोच टेबलावर मिक्सर लावल्यासारखा आवाज! शेजारच्या खोलीतून रूममेटची हाक येते, "अगं, एवढ्या रात्री चटणी कसली वाटतेयस?"

पंख्यावरून भांडणं होणं आपल्या घरांना काही नवीन नाही. आजीला पंखा दोनवर हवा, बाबांना पाचवर, आणि आई म्हणते बंदच करा, गॅस विझतो. लॅपटॉपच्या पंख्यालाही असाच रेग्युलेटर असतो. फक्त तो भिंतीवर दिसत नाही, आणि आपण हात लावला नाही तर कंपनीनं ठरवलेल्या आकड्यांवर मुकाट चालत राहतो. ते आकडे कंपनीनं ठरवले तेव्हा तुमची खोली, तुमचा मे महिना आणि तुमची रूममेट यांपैकी काहीच तिच्यासमोर नव्हतं.

मी काही टेक-गुरू वगैरे नाही. मास कॉम केलं, लेख लिहिते, क्लायंटसाठी छोटे व्हिडिओ एडिट करते आणि रात्री व्हॅलोरंट खेळते. तिन्ही एकाच लॅपटॉपवर. त्याचे नऊ हप्ते अजून बाकी आहेत. वारज्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, म्हणजे डोक्यावर थेट तापलेला स्लॅब. तेव्हा हा लॅपटॉप गार राहणं हा माझ्यासाठी हौसेचा नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि मी एकटीच अशी नाही. आर्किटेक्ट, थ्रीडीवाले, लग्नाचे व्हिडिओ कापणारी पोरं… गेमिंग लॅपटॉप हा आज कितीतरी जणांचा दिवसाचा सहकारी आणि रात्रीचा दोस्त आहे.

दीड बल्ब, एक इंच

जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब आठवतोय? लागलेला असताना त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आता आपल्या लॅपटॉपचे आकडे बघा. इंटेलचा कोअर आय-७ १३७००एच हा प्रोसेसर. त्याची बेस पॉवर ४५ वॅट, पण टर्बोमध्ये तो ११५ वॅटपर्यंत उडी मारू शकतो. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्या. ते ३५ वॅटवर चालवायचं की ११५ वर, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणूनच दोन लॅपटॉपवर एकाच कार्डाचं स्टिकर असलं तरी एक सुसाट धावतो आणि दुसरा रमतगमत चालतो. दुकानदार हे सांगत नाही, आपणच विचारायचं.

दोन्ही चिपा एकदम आपापल्या कमाल जोरावर चालत नाहीत हे खरं. तरीही जड गेम खेळताना दीड बल्बाची गरमी सहज तयार होते, तीही इंचभर जाडीच्या डब्यात! जेवढी वीज आत जाते, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. त्यातून सुटका नाही.

ही उष्णता बाहेर काढतात तांब्याच्या चपट्या नळ्या, म्हणजे हीट पाइप. त्या भरीव वाटतात, पण आतून पोकळ असतात. हवा काढून टाकलेली आणि थोडंसं पाणी. चिपजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाते, तिथं थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत येतं. ही भन्नाट कल्पना १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी प्रत्यक्षात आणली, तीही अंतराळातल्या कामांसाठी. आज तीच आपल्याला रात्री दीड वाजता हेडशॉट मारायला मदत करतेय.

यात पंख्याचं काम किती? तर नळीच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, तिच्यावर वारा घालायचा. बस्स. पंखा चिपला थेट गार करत नाही. चिप ते नळी, नळी ते जाळी, जाळी ते हवा… या साखळीतली फक्त शेवटची कडी त्याच्या हातात आहे. आधीच्या कड्या अडल्या असतील, तर पंखा कितीही बोंबलला तरी फार फरक पडत नाही.

फ्रीझरमधला लॅपटॉप

गरमी वाढली की लॅपटॉप जळेल अशी अनेकांना भीती वाटते. तसं सहसा होत नाही. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचली की चिप स्वतःच आपला वेग कमी करते. याला म्हणायचं थ्रॉटलिंग. म्हणजे पैसे मोजलेत रेसच्या घोड्याचे आणि मिळते टांग्याची चाल.

याचा गाजलेला किस्सा जुलै २०१८ चा. गेमिंग लॅपटॉपचा नाही, अॅपलच्या मॅकबुक प्रोचा, पण दुखणं तेच. डेव्ह ली या कॅनडातल्या यूट्यूबरनं नवाकोरा, सगळ्यात महागडा आय-९ प्रोसेसरवाला मॅकबुक घेतला आणि एक व्हिडिओ एक्सपोर्टला लावला. लागली ३९ मिनिटं. आदल्या वर्षीच्या आय-७ वाल्या मॉडेलनं तेच काम ३५ मिनिटांत केलं होतं! मग पठ्ठ्यानं लॅपटॉप चक्क फ्रीझरमध्ये ठेवला. २७ मिनिटांत काम खल्लास. मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, बदलली फक्त आजूबाजूची हवा. आठवड्याभरात अॅपलनं चूक मान्य केली आणि दुरुस्तीचं अपडेट काढलं.

(तुम्ही प्लीज हा प्रयोग घरी करू नका. फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर लॅपटॉपवर आत-बाहेर दव धरतं. शिवाय आईस्क्रीम ठेवायचं कुठे?)

आवाजाचं गणित

आता पंख्याकडे येऊ. फुल्ल स्पीडचा मोह का टाळायचा, याचं उत्तर एका साध्या हिशोबात आहे. पंख्याचे फेरे जितक्या पटीनं वाढतात, साधारण तितक्याच पटीनं वारा वाढतो. आवाज मात्र त्याहून फार वेगानं चढतो. फेरे दुप्पट केले तर आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो, आणि आपल्या कानाला दर १० डेसिबलमागे आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

हे उलटं लावून बघा. मिनिटाला ४५०० फेऱ्यांवरचा पंखा ३००० वर आणला, तर वारा एक तृतीयांशानं घटतो, पण आवाज सुमारे ९ डेसिबलनं खाली येतो. म्हणजे कानाला जवळपास निम्मा! शेवटचे हजार फेरे हा सगळ्यात घाट्याचा सौदा. गरमी उतरते दोन-चार अंश आणि घरातली शांतता मात्र पार संपते.

एनव्हिडियानं २०१७ मध्ये मॅक्स-क्यू नावाचे लॅपटॉप आणले, तेव्हा ४० डेसिबलच्या आतला आवाज हा त्यातला विकायचा मुद्दा होता. ते साधलं कसं? जादुई पंखा शोधून नव्हे, तर चिपेला मिळणाऱ्या विजेवर लगाम घालून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्यांचा रिव्ह्यू, आपला मे महिना

परदेशी यूट्यूबर फॅन कर्व्हचे छान छान स्क्रीनशॉट दाखवतात. आपण ते जसेच्या तसे उचलतो आणि मग डोक्याला हात लावतो. कारण त्यांच्या खोलीत असतात २१-२२ अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० च्या पुढे जातो, नागपूर-चंद्रपूरला ४५ च्या. संध्याकाळी स्लॅबखालच्या खोलीत ३५-३६ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही.

आणि इथं निसर्गाचा नियम अगदी सरळ आहे. पंखा तेवढाच, वीज तेवढीच, पण खोली १४ अंशांनी जास्त तापलेली, तर चिपही साधारण १४ अंशांनीच वर जाते. तिकडे ७८ वर निवांत बसलेला लॅपटॉप माझ्याकडे ९२ वर धापा टाकतो. पंखा खोलीतलीच हवा फेकतो ना! बाहेरच्या हवेपेक्षा गार काहीही तो करू शकत नाही. एसी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवणं हा सगळ्यात स्वस्त कूलर, कारण बंद खोलीत तो दीड बल्ब तासन्‌तास खोलीलाच तापवत असतो.

कर्व्ह काढायचा कसा?

बहुतेक ब्रँडचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. असूसचं आर्मरी क्रेट, लेनोव्होचं व्हँटेज, एचपीचं ओमेन गेमिंग हब, एसरचं नायट्रोसेन्स, एमएसआयचं एमएसआय सेंटर. त्यात सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे मोड असतात. पुष्कळांना वाटतं हे मोड फक्त पंख्याचे आहेत. नाही! मोड बदलला की पंख्याबरोबर चिपेला मिळणारे वॅटही बदलतात. सायलेंटमध्ये गेम अडखळतो तो याचमुळे. माझं मत विचाराल तर दिवसाच्या कामाला बॅलन्स्ड पुरेसा आहे. टर्बोचं बटण हे लग्नातल्या बँडसारखं, वरात निघाली की तेवढ्यापुरतं.

काही मॉडेलमध्ये 'मॅन्युअल' किंवा 'कस्टम' असा पर्याय मिळतो. खरी मजा तिथं. एक आलेख दिसतो. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग. ठिपके ओढायचे आणि आपला कर्व्ह तयार.

पण ठिपके ओढायच्या आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर टाका, नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स दोघांचं तापमान लिहून ठेवा. पाच मिनिटांचं मोजमाप उपयोगाचं नाही, कारण नळ्या, जाळी, खालचं पत्र्याचं अंग हे सगळं तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. आणि हे संध्याकाळी करा, सकाळी सातच्या गार हवेत नको.

माझा उन्हाळ्याचा कर्व्ह साधारण असा आहे. ५८ अंशांपर्यंत पंखा अगदी तळाशी. ७० ला चाळीस टक्के. ८० ला साठ. ८७ ला पंचाहत्तर. ९३ च्या पुढे गेला तर मग मात्र शंभर, तिथं लाड नाहीत. पहिला आकडा ५८ का, ५० का नाही? कारण मेमध्ये माझा लॅपटॉप नुसता मेल वाचतानाच ५० च्या वर असतो. तिथं पहिला ठिपका ठेवला तर पंखा सुरू-बंद, सुरू-बंद करत बसतो. एकसारखा घूं-घूं आवाज माणूस विसरून जातो हो, पण दर वीस सेकंदांनी उठणारा आवाज डोकं फिरवतो.

यावर आणखी एक उपाय असतो, हिस्टेरेसिस. नाव भयंकर, पण काम साधं. ७० ला वाढलेला पंखा लगेच ६९ ला उतरवायचा नाही, ६४-६५ पर्यंत थांबायचं. प्रोसेसरची चिप नखाएवढी असते. ब्राउझर उघडला तरी सेकंदाभरात तिचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उसळतं आणि लगेच बसतं. प्रत्येक उसळीमागे पंखा धावायला लागला तर झालंच! तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये 'डिले' किंवा 'रॅम्प' असा काही पर्याय असेल तर तीन-चार सेकंद बिनधास्त द्या.

कंपनीनं मॅन्युअल दिलंच नसेल तर? असूसवाल्यांसाठी जी-हेल्पर नावाचं हलकंफुलकं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते मला आर्मरी क्रेटपेक्षा आवडतं. बाकी डेस्कटॉपवर चालणारी फॅन कंट्रोलची सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बहुतेकदा हात टेकतात. कारण लॅपटॉपच्या पंख्याचा लगाम विंडोजकडे नसतो, मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या चिपेकडे असतो. तिच्यात थेट आकडे घुसवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण चुकीच्या जागी चुकीचा आकडा पडला तर पंखा चालू गेममध्ये बंदही पडू शकतो. हप्ते चालू असताना मी त्या वाटेला जाणार नाही. आणि एक, दोन सॉफ्टवेअर एकदम ठेवू नका. एक म्हणतं चाळीस, दुसरं म्हणतं सत्तर. सासू-सुनेच्या मालिकेत पंख्याचे हाल!

आधी जाळ कमी करा

दूध उतू जायला लागलं की आपण फुंकर मारत बसत नाही, गॅस बारीक करतो. इथंही तेच. मॅक्स-क्यूची गोष्ट आठवा. पंख्याच्या मागे लागण्याआधी तयार होणारी गरमीच कमी करता येते, आणि बऱ्याचदा गेममध्ये फरक कळतही नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फ्रेमरेटला टोपी घालणं. तुमची स्क्रीन १४४ हर्ट्‌झची आणि व्हॅलोरंट फेकतोय २५० फ्रेम. स्क्रीन सेकंदाला १४४ पेक्षा जास्त वेळा बदलतच नाही. स्पर्धेत उतरणारे गेमर म्हणतील, जास्त फ्रेममुळे क्लिकचा प्रतिसाद लवकर मिळतो. मान्य. पण ऑफिसातून दमून येऊन खेळणाऱ्या तुम्हा-आम्हाला तेवढ्याची गरज आहे का? गोष्ट सांगणारे जड गेम, सायबरपंक २०७७ सारखे, ६० फ्रेमवरही झकास दिसतात. ही मर्यादा गेमच्या सेटिंगमध्ये असते, आणि जानेवारी २०२० पासून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येही आहे. माझ्या लॅपटॉपवर या एका सेटिंगनं जे साधलं, ते पंख्याच्या कुठल्याच ठिपक्यानं साधलं नाही. 'मिक्सर बंद झाला का गं?' असा प्रश्न पलीकडून आला, हेच त्याचं सर्टिफिकेट.

दुसरा उपाय टर्बोला सुट्टी देण्याचा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. एका टक्क्यात एवढा फरक? कारण तो टक्का म्हणजे प्रत्यक्षात टर्बोचं कुलूप आहे. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये नुकसान थोडं होतं, तापमान मात्र चांगलंच उतरतं. व्हिडिओ एक्सपोर्ट करताना मात्र मी परत १०० करते, तिथं प्रोसेसरच घोडा ओढत असतो.

तिसरा, जाणत्यांचा, अंडरव्होल्टिंगचा. म्हणजे तेवढंच काम किंचित कमी व्होल्टेजवर करून घ्यायचं. पूर्वी थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरनं हे चुटकीसरशी व्हायचं. पण डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड केली. व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरच्या तिजोरीतली गुपितं फोडता येतात, असं त्यांनी दाखवलं. त्यानंतर इंटेलनं दिलेल्या अपडेटमुळे पुष्कळ लॅपटॉपवर ही सोय कुलूपबंद झाली. तुमच्या बायॉसमध्ये पर्याय दिसत असेल तर नशीबवान आहात. थोडं थोडं उतरवत जा, लॅपटॉप अचानक बंद पडला की एक पायरी मागे या.

धूळ, गादी आणि मांडी

हे थोडक्यात, कारण यात अक्कल कमी आणि आळस झटकणं जास्त लागतं. लॅपटॉप खालून हवा ओढतो, मागून-बाजूनं सोडतो. गादीवर ठेवलात की त्याचं नाक दाबलंत. मागची बाजू इंचभर उचलून धरा, दोन जाडजूड पुस्तकंही चालतील. खाली पंखे असलेला कूलिंग पॅड विकत घ्यायच्या आधी हा फुकटचा प्रयोग करून बघा.

धूळ मात्र मनावर घ्या. पुण्याची धूळ, फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि आपलेच केस मिळून त्या धातूच्या जाळीवर लोकराची गादी तयार होते. वर्षातून एकदा ती काढायलाच हवी. स्वतः खोलणार असाल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग जातं. नाहीतर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. तिथं थर्मल पेस्टही बदलून मागा, जुनी पेस्ट सुकली असेल तर साखळीतली पहिलीच कडी तुटलेली असते.

आणि मांडी? बाझेलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली होती. तो काही महिने रोज तासन्‌तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळायचा. डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग पडले, कारण लॅपटॉप डाव्या बाजूनं जास्त तापायचा. भाजण्याइतकं गरम नसतं म्हणून आपल्याला कळत नाही, त्वचेला मात्र कळतं.

सध्या माझ्या लॅपटॉपवर तीन प्रोफाइल आहेत. 'मीटिंग', 'एक्सपोर्ट' आणि 'ती झोपलीय'. तिसऱ्यात फ्रेम ६०, टर्बो बंद आणि पंखा कधीच निम्म्याच्या वर नाही. तिची कॅब पहाटे सहाला येते, त्यामुळे साडेदहानंतर हेच प्रोफाइल असा आमचा करार झालाय. जून लागला, पाऊस आला, खोली पाच-सहा अंशांनी उतरली की पहिला ठिपका परत ५२ वर आणायचाय, आणि डिसेंबरात त्याहूनही खाली.